कर्नल एक्याण्णव, मुक्काम मसुरे

आमच्या वाडीत आभाळ पहिल्यांदा गुरगुरलं की वर कोणी बघत नाही, सगळे मीटरकडे धावतात. "गडगडता गो, मेन बंद कर!" अशी हाक खालच्या घरातून उठते, मधल्या घरातली काकी ती झेलते आणि वरच्या घरात पोचवते. पाच मिनिटांत अख्खी वाडी विजेशिवाय बसलेली असते. वीज जायची वाट कोण बघतो? आम्हीच तिला आधी घालवतो.

या कामात माझ्या वडिलांचा नंबर कायम पहिला. बाबा प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर, त्यामुळे कुठलंही काम क्रमाने आणि हातचं काही न राखता. आधी पायात रबरी चपला. मग मेन खाली. मग टीव्हीचा प्लग, फ्रिजचा प्लग, आणि शेवटी इंटरनेटच्या डब्याची वायर सोडवून, तिची गुंडाळी करून ती बाहेर ओट्यावर. आत राहिली तर वीज तिला शोधत घरात येईल असा त्यांचा पक्का समज. ती वायर काचेची असते, तिच्यातून वीज येऊच शकत नाही, हे मी त्यांना एकदा चित्र काढून समजावलं होतं. त्यांनी चित्राला दहापैकी सहा मार्क दिले आणि वायर काढून ठेवली.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हेही सांगते. मी सातवीत असताना परसातल्या माडावर वीज पडली. बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते. आई चुलीपुढून म्हणाली, "गडगडता, बंद करा." बाबा म्हणाले, "बातम्यो संपल्यो की करतंय." बातम्या संपल्याच नाहीत. टीव्ही जळला, माडाचा शेंडा दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होता, आणि आईला पुढे आठ दिवस डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं. आठ दिवसांनी कान सुधारला. माड पुढे तोडला. पण बाबांनी त्या एका वाक्याबद्दल स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि तेव्हापासून मेन बंद करण्याचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नाही.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतरच्या चतुर्थीला मी पुण्याहून घरी आले, तेव्हा बाबांचा सदरा त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. सकाळी पेज, दुपारी तीच पेज, रात्री उरलेली पेज. तक्रार शून्य. मी सामान भरायला घेतलं तेव्हा "सांबाळून जा गो" एवढंच म्हणाले. मला ते सहन झालं नाही. मी सामान परत कपाटात लावलं आणि ऑफिसला कळवलं की मी काही महिने गावाहून काम करीन. ते काही महिने लांबत गेले. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच इथे बरं वाटत होतं. सकाळी खाडीवरून वारा येतो, दुपारी डोळा लागतो, आणि कोणी "कामाचा ताण" असा शब्द उच्चारत नाही. बाबांनी मात्र मला कधी राहा म्हटलं नाही, आणि कधी जातेस हेही विचारलं नाही.

माझं काम काय, ते बाबांना मी मालवणच्या एसटी स्टँडच्या भाषेत सांगितलं होतं. हल्ली एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात दहा-बारा लहान संगणक राहतात. त्यांच्यात निरोपांची ये-जा असते, आणि कुठला निरोप कुठे पाठवायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्टँडवरचा कंट्रोलर. पण प्रत्येक गाडी केबिनपर्यंत जाऊन विचारत बसली तर स्टँड तुंबेल. म्हणून कंट्रोलरचा एक माणूस थेट फाटकावर उभा असतो, तो गाडीची पाटी बघतो आणि हात करतो. हा फाटकावरचा माणूस म्हणजे मोड्यूल. तो उभा राहतो कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी आतल्या, मूळ व्यवस्थेत. आणि तिथे सोंगाढोंगाला जागा नाही. ज्या कर्नलसाठी मोड्यूल बनवलं त्याच कर्नलमध्ये ते चालतं. आवृत्तीचा शेवटचा आकडा वेगळा निघाला, तरी दारातूनच परत.

"म्हणजे गाभाऱ्यात त्याच देवळाचो गुरव लागता," बाबा म्हणाले. "दुसऱ्या गावचो चलाचो नाय." माझ्या कितीतरी सहकाऱ्यांना हे इतक्या लवकर कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत ऑफिसने फर्मान काढलं, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सगळ्यांनी पुण्यात हजर व्हावं. मी आमच्या विभागप्रमुख बाईंना फोन केला. बाई सरळ आहेत, गोड बोलून गळा कापत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे बघ, एका गिऱ्हाईकाला त्यांच्या आडगावच्या शाखांमध्ये आपले डबे बसवायचेत. गुरुवारी अकरा वाजता तू तुझ्या गावातून, तिथल्याच डब्यावर, तासभर चालवून दाखव. चाललं, तर तुला तिथेच ठेवायचं म्हणून मी वर भांडते. नाही चाललं, तर माझ्याकडे भांडायला काही उरत नाही." मी हो म्हटलं. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या पेजेत कशाला खडा टाकायचा?

डबा म्हणजे असाच, पोटात लहान संगणक बाळगणारा एक संगणक; तो आमच्या माजघरात, तांदळाच्या पिंपाशेजारी होता. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही; मी लॅपटॉपवरून त्याच्याशी बोलायचे. कंट्रोलर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, कारण गिऱ्हाईकाकडे तीच होती, आणि तिच्या मापाचं मोड्यूल, सगळं नीट बसवलेलं. चाळीसेक दिवस डबा बंद न पडता चालू होता. त्या दिवसांत एकदाही गडगडलं नव्हतं. मी अगदी निर्धास्त होते, आणि निर्धास्त माणूस काय करतो? मंगळवारी दुपारी मी बांगडे आणायला मालवणला गेले.

एसटीने परत येताना घाटीवर दोन-तीनदा कडकडाट ऐकला. घरी आले तर वाडी शांत, ओट्यावर वायरीची व्यवस्थित गुंडाळी, आणि बाबा खुर्चीत. पाऊस आलाच नव्हता. मी मेन वर केला, वायरी जोडल्या, डबा चालू केला. दिवे लागले. आणि लॅपटॉपवर एक ओळ आली: मोड्यूल सापडलं नाही.

मी पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. मग कर्नलचा आकडा बघितला. आमच्या कर्नलच्या लांबलचक आकड्याच्या शेवटी एक्याण्णव होतं. आता तिथे चौऱ्याण्णव दिसत होतं. देऊळ तेच, पण गाभारा बदललेला.

आमच्या घरात मालवणी बोलतात. कोणी शुद्ध मराठी बोलायला लागलं की समजावं, माणूस रागावलाय. मी शुद्ध मराठीत सुरू केलं. "तुम्हाला कितीदा सांगितलं, त्या डब्याला हात लावू नका म्हणून! गुरुवारी हे चाललं नाही तर मला एक तारखेला कायमचं पुण्याला जावं लागणार आहे. कळतंय का? मग बसा इथे एकटे, मेन बंद करून!"

जे लपवायचं होतं तेच तोंडून गेलं. बाबा उभे राहिले. वर्गात साहेब तपासणीला आल्यावर उभे राहायचे तसे.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मला याची कल्पना नव्हती."

शुद्ध मराठीत म्हणाले. मग आत गेले आणि बांगडे साफ करायला बसले. मला माझी लाज वाटली. पण माझा स्वभाव असा, की रागाला घाई आणि माफीला सवड. आधी मोड्यूल शोधू, मग बघू, असं मी ठरवलं. त्या संध्याकाळी बांगडे उत्तम तळले होते आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ते जेवलो.

बुधवारी सकाळपासून मी चौऱ्याण्णवला साजेसं मोड्यूल शोधायला बसले. एका भल्या माणसाने तयार करून ठेवलेलं एक सापडलं, पण ते त्र्याण्णवसाठी. एकाचा तर फरक, म्हणून घालून बघितलं. दारातूनच परत. मग जबरदस्तीने घुसवलं. डब्याने श्वासच सोडला, प्लग उपटून त्याला जागं करावं लागलं. मग मूळ कोडवरून नवं मोड्यूल स्वतः बनवायला घेतलं. सॉफ्टवेअर जुनं, कर्नल नवा. कुठल्या आवृत्तीला कुठपर्यंतचे कर्नल चालतात याचा तक्ता असतो. त्यात आमचा चौऱ्याण्णव सीमेच्या जरासा पलीकडे. चुकांच्या याद्या इतक्या लांब येत होत्या की स्क्रीन वर सरकवता सरकवता बोट दुखलं.

शेवटी एका चर्चेच्या पानावर माझाच प्रश्न, अगदी माझ्याच शब्दांत, कोणीतरी काही वर्षांपूर्वी विचारलेला सापडला. माझा जीव भांड्यात पडला. खाली उत्तर एकच होतं, त्याच माणसाचं: प्रश्न सुटला, धन्यवाद. कसा सुटला ते नाही. या गृहस्थाला मसुऱ्याला बोलावून बिनमिठाची पेज वाढावी असं मला फार वाटलं.

चारच्या सुमाराला बाबा चहा घेऊन माजघरात आले. कपाळाला हात लावून बसलेल्या मुलीकडे त्यांनी बघितलं.

"आधी ह्या चलत होता मां?" त्यांनी विचारलं. मालवणीत. मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

"चलत होता. पण तेव्हा कर्नल जुनो होतो."

"मगे तो जुनो खंय गेलो?"

"गेलो म्हणजे... नवीन इलो, म्हणान..."

"नवीन मास्तर इलो म्हणान जुनो मास्तर मरणा नाय," बाबा म्हणाले. "तो गावातच आसता."

मी कप खाली ठेवला. नवा कर्नल येतो तेव्हा जुन्याला कोणी पुसून टाकत नाही. तो डब्यातच, शेजारी, गप्प पडून असतो. डबा सुरू होताना एक यादी निघते, तिच्यातून हवा तो निवडता येतो. हे मी नव्याने लागलेल्या पोरापोरींना वर्गात शिकवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. मी दिवसभर चौऱ्याण्णवसाठी मोड्यूल शोधत जगभर हिंडत होते आणि एक्याण्णव आपल्या मोड्यूलसकट तांदळाच्या पिंपाशेजारी बसला होता.

अडचण एवढीच, की ती यादी लॅपटॉपवर दिसत नाही. डब्याला स्वतःचा पडदा लागतो. घरात पडदा एकच, बाबांचा टीव्ही. आम्ही दोघांनी तो भिंतीवरून उतरवून माजघरात आणला आणि पिंपावर टेकवला. मी पाठीमागे वाकून कुठूनतरी शोधलेला जुना कीबोर्ड जोडला. बाबांनी चष्मा लावला. डबा सुरू केला, कळ दाबली, आणि टीव्हीवर पांढऱ्या अक्षरांची यादी उमटली.

बाबांनी हजेरी घेतली. मोड्यूलचा पूर्ण आकडा मी कागदावर लिहून दिला होता. ते एकेक आकडा बोट ठेवून ताडून बघत होते. "ह्यो चौऱ्याण्णव. ह्यो त्र्याण्णव, ह्यो पण नको." मग थांबले, कागद बघितला, पडदा बघितला, पुन्हा कागद बघितला. "एक्याण्णव. हजर आसा."

मी एक्याण्णव निवडला. डबा उठला. मोड्यूल फाटकावर जाऊन उभं राहिलं आणि निरोप धावायला लागले. मी बाबांना मिठी मारली. आमच्याकडे तशी पद्धत नाही, त्यामुळे ते "अगो, अगो, चष्मो!" म्हणत राहिले.

पण हा चौऱ्याण्णव आला कुठून, हे शोधायचं राहिलंच होतं. डब्याच्या नोंदी उघडल्या आणि पाचव्या मिनिटाला सापडलं. पावसाळ्यात मीच, माझ्या हाताने, नव्या आवृत्त्या आपोआप घेण्याची सोय चालू करून ठेवली होती. डब्याने इमानदारीत नवा कर्नल आणून ठेवला होता आणि पुढच्या वेळी बंद होऊन सुरू होण्याची वाट बघत होता. म्हणजे बाबांनी मेन बंद केला नसता तरी हे कधीतरी होणारच होतं. आणि गुरुवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी झालं असतं, तर?

मी बाहेर गेले. बाबा पायरीवर कोयता घासत होते. "बाबा, चूक माजी होती," मी म्हटलं. "तुमची नाय. मी उगीच बोललंय तुमका."

"किती मार्क कापू?" ते म्हणाले, मान वर न करता.

मग ती आपोआपची सोय मी बंद केली, डब्याने कायम एक्याण्णववरच सुरू व्हावं असं ठरवून दिलं, आणि परीक्षा म्हणून बाबांकडून तीन वेळा मेन पाडून घेतला. तिन्ही वेळा त्यांनी रबरी चपला घातल्या. तिन्ही वेळा एक्याण्णव उठला.

गुरुवारी दहा वाजता पूर्वेकडे आभाळ काळं झालं. कापलेलं भात उचलायला माणसं मळ्याकडे धावत होती. मी खिडकीतून बघत होते. लॅपटॉपला बॅटरी आहे, फोनला आहे; डब्याला नाही. मेन गेला की डबा गेला, आणि तो तासभर सलग चालून दाखवणं हीच तर अट होती. बाबांना मी एवढंच सांगितलं होतं, की अकरा ते बारा माझं काम आहे. मेन बंद करू नका, असं म्हणायला तोंड उघडलं आणि आईचा कान आठवला. मला ते मागवेना. मी मुकाट्याने दार लोटून बसले.

अकराला सगळे पडद्यावर आले, आमच्या बाई आणि गिऱ्हाईकाकडचे तिघे. मी बोलायला लागले. दहा-पंधरा मिनिटं छान गेली. आणि मग ते लांबून आलं, पिंपावरची झाकणं थरथरवणारं गुरगुरणं.

"गडगडता गो, मेन बंद कर!" खालच्या घरातून हाक उठली. काकीने झेलली. वरच्या घरात पोचली. मी पडद्यावर आकडे दाखवत होते आणि कान मीटरकडे होते. आता खटका पडणार. आता. काकीने कुंपणावरून खास आमच्यासाठी आवाज दिला, "मास्तरांनू, बंद केलात?" दिवा लागलेलाच होता.

"तिकडे वादळ दिसतंय," गिऱ्हाईकाकडचे एक गृहस्थ म्हणाले. "आमच्या शाखांमध्येही हेच होणार. वीज गेली तर तुमचा डबा नीट उठतो का?"

"परवाच गेली होती," मी म्हटलं. "उठला नाही. चूक माझी होती." आणि मी सगळं सांगितलं, चौऱ्याण्णव, एक्याण्णव, आपोआपची सोय, तीन वेळा पाडलेला मेन. फक्त बांगडे गाळले. आमच्या बाई गालात हसत होत्या. बाहेर दुसरा कडकडाट झाला, पहिल्याहून बराच जवळ, आणि दिवा तसाच लागलेला.

बारा वाजता ते तिघे गेले. बाई एकट्या उरल्या. "राहा तिकडेच," त्या म्हणाल्या. "मी बघते वरचं." मी आभार मानायला तोंड उघडलं तोवर त्या गेल्याही होत्या.

मी दार उघडून बाहेर आले. सगळ्या वाडीत दिवा असलेलं घर आमचं एकट्याचं. मीटरच्या खाली स्टुलावर बाबा बसले होते. पायात रबरी चपला, पण माझ्या. घाईत त्यांच्या सापडल्या नसाव्यात, टाचा मागे बाहेर आल्या होत्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, आपणच आपल्याला बांधून ठेवावं तसे. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, तेव्हा देवाला गाऱ्हाणं चालू असावं. अख्खा पाऊण तास ते तिथे बसले होते.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. "झाला?"

"झाला."

ते उठले नाहीत. दोन वर्षांत माझ्या राहण्याबद्दल जे एकदाही विचारलं नव्हतं ते त्यांनी तेव्हा विचारलं.

"रवतलंस मां?"

"रवतलंय," मी म्हटलं.

"मगे बंद करतंय," बाबा म्हणाले, आणि मांडीखालचा हात सोडवून त्यांनी मेन खाली ओढला.